अंबूबाईची तिसरी नळी

१

सोमवारी सकाळी साताऱ्याच्या शिबिरातून रक्ताच्या वीस नळ्या आल्या. त्यांतली एक मेलेल्या बाईची होती.

अर्शिया मुलाणीनं नळीवरचा नोंदणी क्रमांक कॉम्प्युटरवर घातला, तेव्हा पडद्यावर नाव उमटलं: अंबूबाई धुळा खरात, वय त्रेपन्न, तालुका जत. त्याखाली लाल अक्षरांत एकच शब्द होता, मृत. मृत्यूची तारीख पाच जानेवारी. नळीवरच्या चिठ्ठीत रक्त काढल्याची तारीख कालची, म्हणजे बाई जाऊन तीन आठवडे होत आल्यानंतरची.

दुसरं कुठलं नाव असतं तर अर्शियानं साताऱ्याला फोन केला असता आणि क्रमांक लिहिताना चूक झाली का, एवढंच विचारलं असतं. पण या नावानं पंधरा दिवस तिची झोप उडवली होती. सांगलीतल्या त्या धर्मादाय रुग्णालयात ती एकवीस वर्षं रक्त तपासत होती, आणि त्यांतली नऊ वर्षं रिपोर्टखाली तिची सही जात होती. येत्या शनिवारी चौकशी समिती बसणार होती. ती सही पुढं चालणार की नाही, हे अंबूबाईच्या रिपोर्टवरून ठरणार होतं.

अंबूबाईला स्क्लेरोडर्मा होता. या आजारात माणसाचं शरीर स्वतःवरच उलटतं. कातडी आखडत जाते, थंडीत बोटं पांढरी पडतात, मग निळी होतात, आणि पुढं फुप्फुस, हृदय, मूत्रपिंड यांपैकी कुणाची तरी पाळी येते. कुणाची, ते रक्तातल्या प्रतिपिंडावरून, म्हणजे अँटीबॉडीवरून, बरंचसं सांगता येतं. सेंट्रोमिअरचं प्रतिपिंड निघालं तर आजार सावकाश चालतो आणि मूत्रपिंड सहसा वाचतं. पॉलिमरेजचं निघालं तर काही महिन्यांतच कातडी छातीपर्यंत घट्ट होते आणि मूत्रपिंड कधीही दगा देऊ शकतं. अशा माणसाला स्टिरॉइडच्या जास्त गोळ्या दिल्या तर तो दगा लवकर होतो. एका माणसात सहसा यांतलं एकच प्रतिपिंड असतं, आणि ते बदलत नाही.

अंबूबाईच्या फाइलमध्ये दोन वर्षांपूर्वीचा, अर्शियाच्या सहीचा रिपोर्ट होता: सेंट्रोमिअर. त्यावर विसंबून डिसेंबरात डॉक्टरांनी सुजलेल्या सांध्यांसाठी स्टिरॉइड दिलं. अठराव्या दिवशी बाईचा रक्तदाब दोनशे तीसवर गेला, लघवी थांबली, झटके आले. पाच तारखेला ती गेली. मुलानं तक्रार केली. आयसीयूत काढलेलं आणि शिल्लक राहिलेलं रक्त पुण्याला पाठवलं गेलं. तिथून उत्तर आलं: पॉलिमरेज.

म्हणजे अर्शियाचा रिपोर्ट चुकलेला. रुग्णालयात सगळे हेच म्हणत होते, फक्त तिच्यासमोर म्हणत नव्हते.

साताऱ्याची नळी तिनं स्वतः तपासणीला लावली. मंगळवारी दुपारी अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काळ्यावर हिरव्या पेशी, आणि प्रत्येक पेशीत मोहरी सांडावी तसे सुटे सुटे ठिपके. जी पेशी दुभंगायला आली होती, तिच्यात तेच ठिपके मधोमध एका पट्टीत उभे. शंकेला जागा नव्हती. सेंट्रोमिअर.

मेलेली बाई अर्शियाच्या बाजूनं साक्ष देत होती. आणि ही साक्ष समितीपुढं ठेवली असती, तर नळी अर्शियानंच तयार केली असं म्हणायला कुणाचीही जीभ अडखळली नसती.

२

रेकॉर्ड रूम नानासो जंगमांकडं होती. निवृत्तीला चार महिने उरलेले, पण कुठली फाइल कुठल्या कपाटात, हे अजून वही न बघता सांगायचे. नोंदणीची खिडकीही तेच बघायचे. कागदांची अदलाबदल झाली असेल तर ती त्यांच्या हाताखाली, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळं अर्शिया आत येताच ते जरा ताठच झाले.

“बसा. तुमी येणार ह्ये मला सोमवारीच कळायला पायजे हुतं. फाशीचा दोर आदी कुणाच्या गळ्यात बसतोय, ते मापायला आला आसाल.”

“माझ्या गळ्याचं माप झालंय, नानासो. फाइल दाखवा.”

फाइल जाडजूड होती. बाई साताऱ्याच्या शिबिरालाही जायची आणि गेल्या नोव्हेंबरपासून इथंही येत होती, असं नानासोंनी सांगितलं. पहिला कागद दोन वर्षांपूर्वीचा, साताऱ्याचा. तिथं तेव्हा जे डॉक्टर जायचे, त्यांनी नोकरी सोडून वर्ष झालं होतं, पण माणूस नेटका असावा. त्यांनी दोन हातांची आकृती काढून उजव्या तर्जनीच्या टोकावर फुली मारली होती. शेजारी लिहिलं होतं: जखम होऊन पेर झडलं. चेहऱ्यावर बारीक लाल ठिपके. बोटं पांढरी पडणं, दहा वर्षं.

त्या शिबिराला नोंदणीसाठी नानासोच गेले होते, आणि नोंदणीच्या कागदावर त्यांच्या अक्षरात एक शेरा होता: अंगठा येत नाही, फोटोवरून खात्री केली.

“हे काय?”

नानासो म्हणाले की या आजारात कातडी अशी ताणली जाते की बोटांवरच्या रेषाच पुसतात. मशीन ठसा घेईना, तेव्हा रेशन कार्ड आणि आधारवरचा फोटो पाहून त्यांनी नाव लावून घेतलं. नियमात तशी सवलत आहे. चेहरा जुळत होता.

“मग डिसेंबरात भरती झाली तेव्हाही असंच केलं?”

नानासोंनी शेवटचा कागद उलटला. चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला.

“न्हाई,” ते म्हणाले. “तवा अंगठा उठला. पयल्याच झटक्यात.”

३

डॉ. संयोगिता घोरपडे यांनी गोळ्या लिहिल्या होत्या. वॉर्डात कुजबुज अशी, की लॅब चुकली नसेल तर डॉक्टर चुकल्या, आणि डॉक्टर चुकल्या असतील तर लॅबवर ढकलणं त्यांना सोयीचं. अर्शियाही ते मनात धरूनच गेली. पण डॉक्टर अनेक दिवस नीट जेवल्या नसाव्यात अशा दिसत होत्या, आणि त्यांनी स्वतःचा बचाव केला नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. नोव्हेंबरात अंबूबाई पहिल्यांदा त्यांच्यासमोर आली. हात सुजलेले, कातडी दंडापर्यंत ताठ, गुडघा वाकवला की आत चामडं चामड्यावर घासावं तसा आवाज. हा सगळा नकाशा पॉलिमरेजचा. पण फाइल सांगत होती सेंट्रोमिअर, दहा वर्षांचा जुना आजार. त्यांनी बाईला खोदून विचारलं, बोटं कधीपासून पांढरी पडतात, त्रास कधी वाढला.

“प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर. कागदात लिवलंय तसंच, बाई. मला वाटलं, लिहिता-वाचता येत नाही, कंटाळली असेल सांगून सांगून.”

मोबाइलवर त्यांनी फोटो दाखवला. औषधाआधी दोन्ही हात टेबलावर ठेवून काढलेला. फुगलेली, चकचकीत दहा बोटं, दहा नखं. अर्शियानं फोटो मोठा केला, परत लहान केला. काहीतरी खटकत होतं, पण तेवढ्यात डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढून तिच्यापुढं सरकवली.

“हे समितीला मी अजून दिलेलं नाही. तुम्ही आधी बघावं असं वाटलं.”

ती तपासणीची मागणी होती, बारा डिसेंबरची. डॉक्टरांनी लिहिलं होतं: लक्षणं आणि प्रतिपिंड जुळत नाहीत, पुन्हा तपासावं. त्यावर निळा शिक्का होता: तपासणी पूर्वी झालेली आहे, पुन्हा आवश्यक नाही. प्रतिपिंड बदलत नाही म्हणून प्रयोगशाळेत तो शिक्का चार वर्षांपूर्वी करून घेतला होता.

शिक्क्याखाली सही होती. अर्शिया मुलाणी.

४

गुरुवारी ती एसटीनं जतला गेली, तिथून वडापच्या जीपनं पुढं. वाटेभर पाण्याचे टँकर आडवे येत होते. खरातांचं घर गावाबाहेर, दोन खोल्या आणि मेंढरं कोंडायची जाळीची वाघूर. पलीकडं माळावर खडी क्रशर पांढरा धुरळा उडवत होता. दारातली बाभळसुद्धा पीठ चाळल्यासारखी दिसत होती.

तक्रार करणारा मुलगा मल्हार, इस्लामपूरला साखर कारखान्यात फिटर. आईसाठी रजा टाकून बसलेला. लॅबची बाई आलीय म्हटल्यावर त्यानं बसायला सांगितलं नाही, पाणी मात्र दिलं.

“माफी मागायला आला आसाल तर लय लांब आला, मॅडम. फोनवरबी भागलं आसतं.”

“माफी मागायची की नाही, ते कळायला आलेय. आई कुठं कामाला जायची?”

समोरच्या क्रशरवर, बारा वर्षं, असं त्यानं सांगितलं. आई आणि मावशी दोघी. धुरळ्यात तोंडाला पदर बांधून खडी भरायच्या. दगडाच्या बारीक धुळीनं हा आजार उठतो, हे अर्शियानं पुस्तकात वाचलं होतं. धूळ हातावर पडलेली ती आज पहिल्यांदा बघत होती.

भिंतीवर आईचा फोटो, हार अजून ताजा. मल्हारच्या मुलाच्या बारशातला. अंबूबाई हसत होती आणि नातवाला धरलेले दोन्ही हात पुढं आले होते. तेव्हा अर्शियाला काल काय खटकलं ते समजलं.

“मल्हार, तुमच्या आईच्या उजव्या बोटाचं पेर कधी झडलं?”

“कुणाच्या? आईची धाच्या धा बोटं शाबूत व्हती. दिवाळीपातूर लोकर कातत हुती ती.”

अर्शियानं आकृतीची प्रत त्याच्यापुढं धरली. तर्जनीवरची फुली दाखवली. झडलेलं पेर परत उगवत नाही, ती म्हणाली. पुसलेल्या रेषा दोन वर्षांत परत येत नाहीत. दहा वर्षं सावकाश चाललेला आजार अचानक नव्यानं सुरू होत नाही. या फाइलमध्ये एक बाई नाही, दोन आहेत. दोघींचा चेहरा फोटोवरून फसावं इतका सारखा आहे. आणि त्यांतली एक अजून जिवंत आहे, कारण रविवारी तिनं रक्त दिलंय.

मल्हारनं आकृतीतल्या फुलीवर बोट ठेवलं.

“मावशी,” तो म्हणाला. “राहीबाई. आईची धाकली भन.”

मग त्यानं सांगितलं. मावशीला कोंडीबानं टाकली, त्याला पंधरा वर्षं झाली. लग्नात तिचं नाव माहेरच्या कार्डातून कमी केलं, आणि नवऱ्यानं त्याच्या कार्डात ते कधी चढवलंच नाही. ती मोठ्या बहिणीकडं राहिली. बोट सडलं तेव्हा बिनकार्डाचं कुठं उभं करून घेईनात. मग आई म्हणाली, माझं कार्ड ने, तोंड तर एकच हाय. पुढं मावशी स्ट्रॉबेरी निवडायला महाबळेश्वरकडं गेली आणि औषधाला साताऱ्याला जाऊ लागली.

“मावशी कार्डावर जाती, ह्ये मला ठावं हुतं. पण त्यानं आई कशी मरंल?”

त्यानंच हळूहळू ते जुळवलं. आईचंही अंग आखडायला लागलं, तेव्हा तिनं स्वतःचंच कार्ड दाखवलं. कॉम्प्युटरनं तिची म्हणून मावशीची फाइल काढली. तो रिपोर्ट माझा नव्हं, एवढं एक वाक्य आईनं बोलायचं होतं.

“कागदात लिवलंय तसंच,” मल्हार म्हणाला. “घरात घोकत बसली हुती, मॅडम. शाळंतल्या पोरागत. मी हसलो तिला.”

५

साताऱ्यात शिबिर जिथं भरतं, त्या केंद्रावर रिपोर्ट शुक्रवारी मिळतात. अर्शिया साडेनऊलाच बाकावर जाऊन बसली. केंद्रातल्या नर्सला तिनं फक्त लॅबमधून आले एवढंच सांगितलं.

बाई अकराच्या सुमाराला आली. जिन्याच्या सात पायऱ्या, पण तिसऱ्या आणि पाचव्या पायरीवर थांबली. अंगात पुरुषी स्वेटर, हातांना लोकरीचे मोजे. चेहरा भिंतीवरच्या फोटोतला, फक्त तोंड दोरी ओढलेल्या पिशवीसारखं आवळलेलं आणि गालांवर लाल ठिपके. खिडकीशी तिनं नाव सांगितलं, अंबूबाई धुळा खरात. नर्सनं कॉम्प्युटरकडं पाहिलं, मग बाईकडं, मग अर्शियाकडं.

अर्शियानं तिला बाकावर बसवलं आणि कानाशी हळूच म्हणाली, “राहीबाई.”

बाई दचकली नाही. दमलेल्या माणसाला खाली बसायला सांगितल्यावर वाटतं, तसं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

“लय दिसानं कुणी या दारात त्या नावानं हाक मारली,” ती म्हणाली. “पोलिसात देणार का?”

“नाही. बहीण गेल्यावरही तिचंच नाव का दिलंत?”

“दुसरं कुठलं द्यायचं, बाय? हितं माझं दुसरं नावच न्हाई.”

दम लागायला लागलाय, ती म्हणाली, दिवाळीपासून. स्ट्रॉबेरीचा क्रेट उचलवत नाही. आधी बोटंच जायची, आता छातीच भरून येते. अर्शियाला ते ऐकतानाच कळत होतं. सेंट्रोमिअर मूत्रपिंड सोडतं, पण दहा-बारा वर्षांनी पुष्कळदा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या गाठतं. हृदयाची इको तपासणी लगेच हवी, आणि मग जन्मभर गोळ्या. हे सगळं त्या फाइलवर मिळालं असतं. ती फाइल पाच जानेवारीला बंद झाली होती.

राहीबाईनं मोजा काढून उजवा हात मांडीवर ठेवला. तर्जनी एका पेरानं आखूड होती.

“अक्का म्हणली, मी तुझंच सगळं सांगती दागदराला. येगळं सांगितलं तर त्यांस्नी कळंल, आन् तुझं आवषद बंद हुईल. मी म्हणलं, अगं तुझं दुखणं येगळं आसलं तर? ती म्हणली, येगळं कसं आसंल. एकाच आईची, एकाच धुरळ्यातली.”

मग तिनं विचारलं, “येगळं हुतं का, बाय?”

अर्शियाला एकवीस वर्षांत रिपोर्ट सांगणं कधी जड गेलं नव्हतं. तो देण्याचं काम डॉक्टरांचं असायचं.

“वेगळं होतं,” ती म्हणाली.

राहीबाईनं मोजा परत चढवला. आखूड बोटाचं टोक मोकळं लोंबत राहिलं.

६

शनिवारी समितीपुढं अर्शियानं वीस मिनिटं घेतली. आकृती, फोटो, उठलेला आणि न उठलेला अंगठा, तिन्ही नळ्यांचे निकाल. पहिली नळी राहीबाईची, दुसरी अंबूबाईची, तिसरी पुन्हा राहीबाईची. प्रयोगशाळेचा रिपोर्ट बरोबर होता, माणूस दुसरं होतं. अध्यक्षांनी मान हलवली आणि पेन बंद केलं.

“आणखी एक कागद आहे,” अर्शिया म्हणाली आणि बारा डिसेंबरची चिठ्ठी टेबलावर ठेवली. “डॉक्टरांना शंका आली होती. ही तपासणी त्या दिवशी केली असती तर गोळ्या सुरू झाल्या नसत्या. ती मी परत पाठवली.”

अध्यक्षांनी चिठ्ठी वाचली. प्रतिपिंड बदलत नाही, हे खरं ना, असं विचारलं. ती म्हणाली, खरं. मग तुम्ही नियमानंच वागलात, ते म्हणाले. नानासो नियमानं वागले होते. डॉक्टर रिपोर्टप्रमाणं वागल्या होत्या. संध्याकाळी मल्हारनं तक्रार मागं घेतली. कार्डाबद्दल पोलिसांत जायचं नाही असंही ठरलं, आणि ते समितीनं उपकार केल्यासारखं लिहिलं. राहीबाईनं स्वतःच्या नावानं नवीन नोंदणी करावी, उपचार नियमानुसार मिळतील, हे शेवटचं कलम.

पुढच्या आठवड्यात मल्हार रजा वाढवून मावशीला घेऊन तहसील कचेरीत गेला. कार्डाला आधार हवं, आणि मावशीचं आधार कधी निघालंच नव्हतं. आधार केंद्रावरच्या मशीननं तिची दहाही बोटं नाकारली, नऊ रेषा नाहीत म्हणून, एक पेर नाही म्हणून. डोळ्यांवरून करता येतं, असं अर्शियानं फोनवर सांगितलं. ते झालंही. पण नाव चढवायला नवऱ्याच्या कार्डात नाव नसल्याचा दाखला लागत होता. कोंडीबा कर्नाटकात कुठंतरी मेंढरं घेऊन हिंडत होता, एवढंच गावाला माहीत.

डॉ. संयोगितांनी इको फुकट करायचं कबूल केलं. राहीबाईला निरोप गेला. ती आली नाही. मल्हारनं कळवलं, मावशी म्हणते, अक्काच्या नावावर घेतलं तेवढं बास झालं.

अर्शियानं तो निळा शिक्का तिजोरीत टाकला नाही, फेकलाही नाही. तो टेबलावरच राहिला. जुन्या तपासणीची मागणी परत आली की ती आता आधी वॉर्डात जाते आणि फाइलमधला हात माणसाच्या हाताशी ताडून बघते. नानासो याला हस्तरेषा बघायला चालल्या म्हणतात.

फेब्रुवारीचं शिबिर झालं. त्याआधी अर्शियानं साताऱ्याच्या नर्सला सांगून ठेवलं होतं, राहीबाई नावाची बाई आली तर कार्ड मागू नका, क्रमांकही नको, नळीवर फक्त नाव लिहा, मी बघून घेईन.

सोमवारी सकाळी खोकं आलं. तिनं नळ्या स्टँडवर ओळीनं लावल्या, राहीबाईचं नाव शोधत एकेक चिठ्ठी वाचली आणि खोक्याच्या तळाचा कापूस उचलून पाहिला.

एकोणीस होत्या.